जानाईला गेलेली बस

तात्यांनी बसच्या पुढच्या चाकापाशी नारळ फोडला, पाणी टायरवर शिंपडलं आणि एक भकल माझ्या हातात देत म्हणाले, "हेमा, सगळ्या बाया तुझ्या भरवशावर. सावकाश दर्शन घ्या. घाई करायची न्हाई."

माझे सासरे कुणाला सावकाश म्हणणाऱ्यातले नव्हते. भाकरी तव्यावरून ताटात यायला वेळ लागला तरी ताट सरकवून उठणारा माणूस. आणि त्या सकाळी हसत हसत म्हणत होते, घाई करायची नाही.

"पण तात्या, मतदान पाचपर्यंतच आहे," मी म्हणाले.

"दुपारच्याला परत येताय की. देवीला जाऊन आल्यावर मत द्या. चांगल्या मनानं द्या." एवढं बोलून त्यांनी पुतण्याकडे, बापूकडे पाहिलं. बापू ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ऐसपैस बसला होता. त्यानं मान हलवली. ती मान हललेली मी पाहिली.

त्या दिवशी आमच्या आंबेखिंडीत बाटलीचं मतदान होतं. कागदावर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे गावातलं देशी दारूचं दुकान चालू राहील, आडवीवर शिक्का म्हणजे बंद. मत फक्त बायकांनी द्यायचं. पण त्यात एक मेख होती. गावात जेवढ्या बायका मतदार, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडवी करायला हवी. म्हणजे जी बाई मत द्यायला गेलीच नाही, ती काही न करता उभ्या बाटलीच्याच कामी येणार. दुकानवाल्याला कुणाचं मन वळवायची गरजच नव्हती. बायका गावाबाहेर ठेवल्या की झालं.

आणि दुकानवाला म्हणजे माझे सासरे, रंगराव तात्या. आमचं घर त्या दुकानावर चालायचं. माझ्या गळ्यातलं डोरलंसुद्धा त्यातलंच.

आठवडाभर आधी तात्यांना एकदम भक्तीचा उमाळा आला होता. घराण्याची देवी जानाई, तिचं ठाणं लांब घाटापलीकडच्या डोंगरावर. गावातल्या बायकांना तिचं दर्शन फुकट घडवायचं त्यांनी ठरवलं. तालुक्याहून मोठी बस आणली. प्रत्येकीला एक चोळखण, डोंगरावर जेवण. आणि दिवस नेमका मतदानाचा. आमच्या गावच्या कितीतरी बायकांनी लग्नानंतर माहेर सोडून दुसरं गाव बघितलं नव्हतं. त्यांना कसं नाही म्हणवणार? शिवाय तात्यांच्या शब्दाबाहेर त्यांचे नवरेही नव्हते. बस खच्चून भरली.

मी दाराशेजारी बसले. पुढच्या खिडकीला माझ्या सासूबाई, हौसाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर ओटीचं ताट. बस सुटली तशी त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

आत्याबाईंबद्दल सांगायला हवं. बोलणं त्यांना जणू माहीतच नव्हतं. तात्यांनी "गप" म्हणायचीही वेळ यायची नाही, त्या आधीच गप असायच्या. पण मंगळवारच्या आरतीला त्यांच्या अंगात जानाई यायची. आरतीचा आवाज चढला की त्यांची मान डोलायला लागायची, आंबाडा सुटायचा, आणि तोंडातून भलताच जाड आवाज निघायचा. मग तात्या डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या पायावर डोकं ठेवायचे. दुकानाचा परवाना, विहिरीचं पाणी, कोर्टातली तारीख, सगळं तिथं विचारायचे आणि देवी सांगेल तसं वागायचे. माझं स्थळही म्हणे देवीनंच पसंत केलं होतं. आरती संपली की आत्याबाई चुलीपुढे आणि तात्या त्यांच्यावर खेकसायला मोकळे. मला सासरी येऊन दोन वर्षं झाली तरी या प्रकाराचं हसू यावं की भीती वाटावी हे ठरत नव्हतं.

बस घाटाला लागली. बायका गाणी म्हणत होत्या. मी मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते आणि बघतेय हे बापूला दिसू नये म्हणून पदर सारखा करत होते.

मला परत जायचंच होतं. त्याला कारण होतं विलास, माझा नवरा. तो दुकानाच्या गल्ल्यावर बसायचा. लग्न झालं तेव्हा सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा मनुष्य. मग घरातला लवंगांचा डबा लवकर रिकामा होऊ लागला. रात्री घरी येताना तो लवंग चघळत यायचा, आणि बोलताना तोंड फिरवायचा. मी काय ते समजले. डबा आत्याबाई भरायच्या. सरला की भरायच्या, सरला की भरायच्या. एकदा भरताना आमची नजरानजर झाली. त्यांनी झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून दिला.

मतदान मागायला सह्या गोळा केल्या त्या सिंधूनं. तिचा नवरा आमच्या दुकानातून घरी जाताना ओढ्यात पडून गेला होता. ती आमच्याही परड्यात आली, मी भांडी घासत होते तिथं.

"वैनी, तुमच्या घरात मत मागायला यायची मला लाज वाटत न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या घरातबी बायाच हाईत."

"मी काय करणार सिंधू? मी या घरची सून."

"आत पडदा असतुया. कागदावर एकटीचा हात. तिथं कोण सून आन् कोण सासू? तू नुसती ये."

नुसती ये! त्या दिवशी बसमध्ये बसून मला तेवढंच करायचं होतं, आणि बस प्रत्येक वळणावर मला गावापासून लांब नेत होती.

दर्शन झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ओट्या भरल्या, पंगती बसल्या. बापू वाढप्यांच्या मागे उभा राहून आग्रह करत होता. "घ्या मावशी, अजून एक पुरणपोळी. आज पोटाला न्हाई म्हणायचं न्हाई." एरवी हाच बापू दुकानात रुपयासाठी माणसाची कॉलर धरायचा.

जेवणं झाल्यावर मी त्याला गाठलं. "भावजी, निघू या आता."

"निगायचंच की. येवढं खाली धरण हाय, ते बघू. बायांनी कवा बघितलंय धरण? तात्या म्हनले दाखव."

"मतदान चुकेल."

"वैनी," तो हसला, "तुमाला कशाला मतदानाची येवढी काळजी?"

मी पदर खोचून बसकडे वळले. बोलले असते तर संध्याकाळपर्यंत ते तात्यांच्या कानावर गेलं असतं, आणि मग माहेरचा रस्ता.

बस धरणाच्या दिशेनं निघाली तशी मी पोट दाबून कळवळायला लागले. नाटक मला कधीच जमलं नाही, पण दुसरं सुचेना. "भावजी, फार दुखतंय. घरी चला." बापूनं रस्त्यात टपरीवर बस थांबवली, लिंबू-सोडा आणला, माझ्यापुढे धरला. "प्या वैनी. पुरणपोळी जास्त झाली. धरणाचा वारा लागला की बरं वाटंल." सोडा पिऊन मला एक ढेकर आली आणि मागच्या बायका हसल्या. लाजेनं आणि संतापानं माझे कान तापले. रिकामी बाटली त्यानं पुढच्या पायरीशी उभी करून ठेवली.

आता बायकांमध्येही चुळबूळ सुरू झाली होती. गाणी बंद पडली. मागून गोदाकाकूंचा आवाज आला, "बापू, मतदानाला पोचतुया न्हवं?"

"पोचतुया काकू. बसा निवांत."

"सूर्य तर कलला की रं."

"आज दिस मोठा हाय."

 काकूंच्या शेजारची कुजबुजली, "आपल्याला मुद्दाम आनलंय गं." दुसरी म्हणाली, "गप. खण घेतलाय न्हवं पदरात?" त्या एका वाक्यानं सगळी बस गप्प झाली. प्रत्येकीच्या मांडीवर तात्यांचा खण होता. खाल्लेली पोळी पोटात होती. परक्याचं अन्न खाऊन त्याच्या तोंडावर बोलायचं कसं, हे आमच्या बायकांना कुणी शिकवलेलंच नाही. मला ओरडावंसं वाटत होतं. उडी मारून रस्त्यावर पळावंसं वाटत होतं. मी नुसती बांगड्या मागेपुढे करत बसले, त्यातली एक पिचकली तेव्हा कुठे थांबले.

धरणाचा फाटा आला. ड्रायव्हर लहूनं बस वळवायला घेतली आणि पुढच्या सीटवरून एक घरघर ऐकू आली.

आत्याबाईंची मान डोलत होती.

आधी मला वाटलं डुलकी लागलीय. पण ओटीचं ताट मांडीवरून खाली पडलं, खणखणत दारापर्यंत गेलं. आंबाडा सुटला. केस तोंडावर आले. आणि मंगळवारचा तो जाड आवाज भर दुपारी, आरती नाही, घंटा नाही, असा एकाएकी बसभर घुमला.

"कुटं चालवल्यास रं माज्या लेकी?"

बापू ताडकन उठला. हात जोडले. "आई, धरण..."

"मी धरणात न्हाते व्हय रं? मी तुमच्या येशीत बसलीया! येशीत मला दिवा न्हाई, आन् माज्या लेकी रानोमाळ हिंडवतूस? फिरव गाडी!"

"आई, आत्ताच तर तुझं दर्शन..."

"फिरव म्हणते न्हवं!"

त्यांनी पाय झाडला. तो पायरीशी उभ्या असलेल्या सोड्याच्या बाटलीला लागला. बाटली आडवी झाली आणि मधल्या वाटेनं गडगडत मागे गेली. सगळ्या बायकांच्या नजरा तिच्यामागे गेल्या. पार शेवटच्या सीटपाशी जाऊन ती थांबली.

गोदाकाकू पुटपुटल्या, "आडवी झाली गं."  वाकून ती बाटली कुणी उचलली नाही.

बापू काही ठरवायच्या आत लहूनं गाडी मागे घेतली होती. तो परगावचा, बायकापोरांचा माणूस, त्यात हातात घाटातला रस्ता. "देवीच्या आड म्या येनार न्हाई मालक," तो म्हणाला. "भाडं नगं दिऊ हवं तर." बापूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आत्याबाईंकडे. ज्या पायांवर त्याचे तात्या दर मंगळवारी डोकं ठेवत, त्या पायांना तो कुठल्या तोंडानं गप बस म्हणणार? खाली बसला आणि रुमालानं मान पुसत राहिला.

घाटभर आत्याबाई घुमत होत्या. मी जवळ जाऊन त्यांना धरलं. अंग घामानं निथळत होतं, छाती धपापत होती. त्यांचं वय साठीच्या आसपास, सकाळपासून देवीचा उपास. मला भीती वाटली, यांना काही झालं तर? "आत्याबाई, पाणी घ्या थोडं," मी म्हणाले. त्यांनी मान जोरात झटकली. घाट उतरल्यावर बापूनं हळूच म्हणून पाहिलं, "इथं जरा च्या घेऊ." लगेच घुमणं दुप्पट झालं आणि लहूनं गाडीचा वेग वाढवला. पुढे एका ठिकाणी रस्त्यात मेंढरं आडवी आली. तेवढा वेळ बसमधली एकही बाई धड श्वास घेत नव्हती. गोदाकाकू खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन मेंढपाळावर ओरडत होत्या. घड्याळाचा काटा मला आता उघड दिसत होता, लपवायचं भान कुणाला होतं? आणि मागे ती बाटली प्रत्येक खड्ड्याला गडगडत होती.

वेस आली. लहू थांबायला लागला तशी देवी गरजली, "फुडं!"

बस थेट शाळेपाशी जाऊन थांबली. शाळेच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली खुर्ची टाकून तात्या बसले होते. शेजारी गावातली चार वजनदार माणसं. सिंधू दुसऱ्या बाजूला एकटी उभी होती, तोंड उतरलेलं. बस बघून तात्या उठले. आधी त्यांनी बापूकडे डोळे वटारले. मग दारातून आत्याबाई उतरल्या, केस मोकळे, कुंकू कपाळभर फिसकटलेलं, आणि त्यांच्या मागोमाग सगळ्या बायका.

"हे काय हौसा?" तात्या पुढे आले. "अगं तू तरी..."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. एक हुंकार दिला.

तात्यांचा हात आपोआप टोपीकडे गेला. गावादेखत ते मागे सरले, टोपी काढली आणि वाट दिली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. ज्या माणसापुढे आख्खं गाव बिचकायचं, तो हात जोडून उभा आणि त्याच्या समोरून गावातल्या बायका त्याचं दुकान बंद करायला चाललेल्या. सिंधूनं तोंडावर पदर दाबला. ती रडत होती की हसत होती कोण जाणे.

आत टेबलाशी तालुक्याचे साहेब बसले होते. आत्याबाई सगळ्यांच्या पुढे. साहेबांनी मान वर केली आणि जरा दचकले. मागून कुणीतरी घाईनं सांगितलं, "साहेब, देवी हाय अंगात."

"असू दे," साहेब म्हणाले. "नाव सांगा."

मी आत्याबाईंच्या अगदी मागे होते. त्यांचं डोलणं थांबलं. दोन्ही हात वर गेले, केस गोळा झाले, आंबाडा बांधला गेला. डोक्यावर पदर आला. मग रोजच्या त्यांच्या बारीक आवाजात, पण शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "हौसाबाई रंगराव शिर्के."

बोटाला शाई लागली. कागद घेऊन त्या पडद्याआड गेल्या. त्यांनी कुठली बाटली निवडली हे मी कधी विचारलं नाही, त्यांनीही मला विचारलं नाही. तो पडदा त्यासाठीच असतो.

रात्री निकाल लागला. आमच्या बसमधल्या बायका आल्या नसत्या तर बाटली उभीच राहिली असती. दुकानाला सील लागलं. तात्या चार-पाच दिवस अंथरुणातून उठले नाहीत. आजारी नव्हते. बापूनं तोंड काळं केलं ते थेट मुंबईला. घरात कुणी कुणाशी बोलेना. मी तर रोज उठून बघायची, आज मला माहेरी पाठवतात की उद्या. पण तात्या कुणाला काय बोलणार? बस त्यांची, भाडं त्यांचं, आणि ज्या देवीच्या आज्ञेनं ती परत फिरली ती देवीही त्यांचीच.

मग मंगळवार आला. आरती लागली. तात्या भिंतीला टेकून बसले होते, विलास दारात. सगळे आत्याबाईंकडे बघत होतो. आवाज चढला, घंटा वाजली, आणि आत्याबाईंची मान हलली नाही. त्यांनी आरती ओवाळली, तबक खाली ठेवलं, सगळ्यांना प्रसाद दिला. विलासच्या हातावर खोबरं ठेवताना साध्या, घरगुती आवाजात म्हणाल्या, "इलास, ह्या घरात हितनं फुडं लवंगा यायच्या न्हाईत."

विलासची मान खाली गेली. तात्यांनी तोंड उघडलं. आत्याबाई त्यांच्याकडे वळल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या, तुम्हाला काही म्हणायचंय का अशा. तात्यांनी तोंड मिटलं.

त्यानं लगेच सगळं छान झालं असं नाही. विलास वर्षभर तालुक्याला जाऊन पीतच होता. पण जाऊन यायला चार तास जायचे, आणि आल्यावर दारात आत्याबाई उभ्या असायच्या. हळूहळू सुटली. दुकानाच्या जागी आता तो पिठाची चक्की चालवतो, अंगाला कायम ज्वारीच्या पिठाचा वास. तात्या गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आत्याबाईंच्या अंगात मात्र त्या दिवसानंतर पुन्हा कधी आलं नाही. लोक म्हणायचे, देवी रुसली. आत्याबाई ऐकायच्या आणि तांदूळ निवडत राहायच्या. घरात त्यांना जे बोलायचं असेल ते आता, वार कुठलाही असो, त्या बोलून टाकायच्या. भाजीत मीठ जास्त झालं तरी मला सुनावायच्या.

इतकी वर्षं एक प्रश्न माझ्या मनात वळवळत होता. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्याला तेल लावताना शेवटी विचारलाच. केस पांढरे, विरळ झालेत आता, आंबाडा लिंबाएवढा होतो.

"आत्याबाई, रागावू नका. त्या दिवशी बसमध्ये खरंच देवी होती, की तुम्ही होता?"

"आत्ता का आठवलं तुला?"

"रोज आठवतं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "देवी हुती की. तिच्याबिगर गाडी कुणी फिरवली असती?"

"मग शाळेत आंबाडा का बांधलात? तिला तसंच का नाही आत नेलंत?"

"हेमे, खुळी हाईस," त्या म्हणाल्या. "तिचं नाव कुटं हुतं यादीत? माजं हुतं."